एकशे दहा अक्षरं

भौतिकशास्त्रज्ञ माणसं कौल लावत नाहीत, अशी लोकांची एक भाबडी समजूत आहे. देवळखिंडीच्या बोगद्यात रोज कौल लागत असे, तोही दिवसातून दोन-तीनदा. चहा कोणी करायचा, हेलियमच्या टाकीचा काटा कोणी बघून यायचा, वरून आलेल्या रागीट पत्राला उत्तर कोणी लिहायचं, लावा कौल. फरक इतकाच, की गावात कौल देवाला लावतात आणि इथे तो एका अणूला लावला जाई.

अणू म्हणजे, नेमकं सांगायचं तर, इटर्बियमचा एक आयन. कळशीएवढी एक पोलादी कोठी, तिच्यातली हवा पंपांनी ओढून ओढून काढलेली, आणि त्या पोकळीत विजेच्या जोरावर अधांतरी तोलून धरलेला हा एकटा जीव. त्याला एक प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर त्याला स्वतःलाही आधी ठाऊक नसतं: शून्य की एक? "नाण्यात लबाडी करता येते," निनाद म्हणायचा, "हा गडी कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही." कौलाची कल्पना त्याचीच होती.

बोगद्यात माणसं तीन. प्रयोगाची प्रमुख केतकी खांबेटे, तिचा नवरा निनाद, जो लेझर सांभाळायचा, आणि पंप सांभाळणारे धनावडेकाका, जे दोघांनाही सांभाळायचे. अर्धवट सोडून दिलेल्या वीजप्रकल्पाचा हा बोगदा. डोंगराच्या पोटात तीनशे मीटर आत, जिथे ट्रकचा धक्का पोचत नाही आणि मोबाइलची लहरही. वर पठारावर दहा घरांची वसाहत, एक शाळा, आणि त्या शाळेत चौथीत शिकणारी त्यांची जुई.

प्रयोग काय होता, ते थोडक्यात सांगायला हवं. तळ्यात दोन खडे टाकले की दोन लाटा उठतात, एकमेकींतून आरपार जातात आणि पलीकडे जशाच्या तशा निघतात. एकीला दुसरीची खबरही नसते. पुंजयामिकीचं, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सचं, शंभर वर्षांहून जुनं समीकरण असंच आहे. आयनाला प्रश्न विचारला की शून्य आणि एक ही दोन्ही उत्तरं त्या समीकरणात शिल्लक राहतात. जग दोन लाटांत वाटलं जातं, आणि आपण ज्या लाटेत असतो तिथून दुसरीचा मागमूस लागत नाही. पण समुद्रातल्या मोठ्या लाटा इतक्या सभ्य नसतात. त्या एकमेकींना ढकलतात, वाकवतात. याला अरेषीय वागणूक म्हणतात. निसर्गाच्या त्या मूळ समीकरणात अशी अरेषीयता तिळभर जरी असेल, तरी एका उत्तराच्या जगात आयनाला दिलेला धक्का दुसऱ्या उत्तराच्या जगात किंचित जाणवायला हवा. तो जाणवतो का, एवढंच तिघं सहा वर्षं पाहत होते.

त्यासाठी वेळापत्रक बांधलेलं होतं. उत्तर शून्य आलं, तर सकाळी नऊ ते बारा धक्के द्यायचे आणि दुपारी गप्प बसून ऐकायचं. एक आलं, तर सकाळी ऐकायचं आणि दुपारी दोन ते पाच धक्के द्यायचे. ऐकताना आयनाकडे थेट बघायचं नाही, कारण बघितलं की दोन्ही लाटांचा धागाच तुटतो. म्हणून त्याच्या बाजूला दुसरा आयन बसवलेला असे. त्याला विचारायचं, की बाबा रे, पलीकडे काही हाललं का? या दुसऱ्या आयनाचं नाव ‘शेजारीण’ पडलं होतं. सहा वर्षांत शेजारणीनं एकही बातमी दिली नव्हती.

आणि एक नियम होता. कौल लावलेला आयन प्रयोगाला ठेवायचा नाही, फेकून द्यायचा आणि नवा भरायचा. नाहीतर चहा कोणी करायचा यावरून दोन जगांची फाळणी व्हायची आणि सगळी आकडेवारी नासायची. नवा आयन भरायला अर्धा तास जातो, म्हणून नियम मोडण्याचा मोह सगळ्यांनाच होई.

त्या गुरुवारी खाली सायगावला पंपाचा सुटा भाग येऊन पडला होता. घाट उतरून आणायला कोणीतरी जायला हवं होतं. शून्य आलं तर केतकी, एक आलं तर निनाद. एक आलं. जुईच्या चष्म्याची काडी आदल्या दिवशी मोडली होती. तो चष्मा निनादनं खिशात टाकला आणि जीपची किल्ली उचलली.

"आयन बदल आधी," केतकी म्हणाली.

"राहू दे गं. आल्यावर बघू."

सातव्या वळणावर जीप कठडा तोडून खाली गेली.

*

केतकी एकेचाळीस दिवसांनी बोगद्यात परत आली. रडणं संपलं होतं आणि राग उरला होता. निनाद घाटात एका हातानं गाडी चालवायचा, दुसऱ्या हातानं चणे खायचा. किती वेळा सांगितलं असेल! मेलेल्या माणसावर रागावता येत नाही असं कोण म्हणतं? ती रोज रागावत होती.

प्रयोग बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. यंत्र आपलं वेळापत्रक पाळत बसलं होतं. तिनं नोंदी उघडल्या आणि खुर्चीवर मागे सरकली. शेजारीण बोलत होती. रोज सकाळी नऊ ते बारा, न चुकता.

अर्थातच तिचा विश्वास बसला नाही. तिनं एकेक करून पंप बंद करायला लावले, दिवे बंद करायला लावले, पाण्याची मोटर बंद करायला लावली.

"मॅडम, समदं बंद झालं," धनावडेकाका कमरेवर हात ठेवून म्हणाले. "आता काय मला बी बंद करता?"

धक्के सुरूच होते. पाच-पाचच्या गटांत येत होते. धक्का किंवा शांतता, धक्का किंवा शांतता. एका गटाला पाच मिनिटं. ए म्हणजे एक, बी म्हणजे दोन असा कोणत्याही शाळकरी पोराला सुचेल तसला कोड, रोमन अक्षरांचा, आपण मोबाइलवर मराठी लिहितो तसा. तिनं कागदावर अक्षरं मांडली. गेले तीस दिवस रोज सकाळी कोणीतरी एकच गोष्ट विचारत होतं. कोण आहे. कोण आहे. कोण आहे.

दुपारी दोन वाजता तिनं यंत्राचं वेळापत्रक हातात घेतलं आणि सहा अक्षरं पाठवली: केतकी.

दुसऱ्या दिवशी नऊला शेजारीण गप्प होती. साडेनऊलाही गप्प. दहा वाजून गेल्यावर एकेक अक्षर येऊ लागलं.

तू गेलीस.

मग दुपारी तिनं लिहिलं: तू गेलास.

हे कसं झालं ते तिला कळायला वेळ लागला नाही; कळूनही पचायला लागला. न बदललेला तो आयन. इतके दिवस एकच आयन त्यांनी आजवर कधी ठेवलाच नव्हता. त्याच आयनानं त्या गुरुवारी दोन उत्तरं दिली होती. जिथे एक आलं, तिथे निनाद घाट उतरला. जिथे शून्य आलं, तिथे केतकी. आणि दोन्ही जगांत आता एकेक माणूस त्याच बोगद्यात, त्याच खुर्चीवर, त्याच आयनाशी बसलं होतं. कुठे, असं तिनं विचारलं. सातवं वळण, असं उत्तर आलं. तिनं दोन हातांनी चालवूनही तेच वळण, म्हणजे कारण चणे नव्हते, एक हात नव्हता. जीपचा ब्रेकच गेला होता. एकेचाळीस दिवस सांभाळलेला राग तिच्या हातातून गळून पडला. मग तिला नुसतं प्रेम उरलं, आणि त्याचं काय करायचं ते तिला कळेना.

*

पहिले काही महिने दोघांनी उधळपट्टी केली. भांडणं केली, माफ्या मागितल्या, आमटीत काय घालायचास ते विचारलं, समीकरणांवर वाद घातले. चारशे अक्षरं तर नुसत्या ‘आहेस ना’मध्ये गेली. मग एका सकाळी केतकीच्या लक्षात आलं की शेजारणीचं बोलणं अस्पष्ट होत चाललंय. प्रत्येक धक्क्यानं आयन किंचित तापत होता. एरवी तापलेला आयन लेझर टाकून थंड करतात. पण लेझर टाकणं म्हणजेच बघणं. तिनं हिशेब मांडला. दोन्ही बाजूंची मिळून सगळी चार हजार अक्षरं, पाच-दहा इकडे तिकडे. त्यानंतर आयन विजेच्या त्या सापळ्यातून उडून जाणार, आणि निनाद पुन्हा एकदा जाणार.

हे जगाला सांगावं, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. शतकातला सगळ्यात मोठा शोध तिच्या टेबलाच्या खणात पडला होता. पण सांगितलं असतं तर दहा देशांतून माणसं आली असती, प्रत्येकानं स्वतः तपासून बघितलं असतं, आणि आठवड्यात अक्षरं संपली असती. शास्त्रज्ञ म्हणून तिनं केलं ते पाप होतं. तिनं ते शांतपणे केलं, आणि वरच्या कार्यालयाला कळवलं की उपकरणात गोंगाट आहे.

जुईला तिनं काही सांगितलं नव्हतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला काय सांगणार? बाबा आहे, पण नाही. बोलतो, पण थोडा? शिवाय, खरं बोलायचं तर, तिला वाटेकरी नको होता. एकेका अक्षराला पाच मिनिटं, आणि ती अक्षरं तिची होती. सकाळी नऊच्या आत ती बोगद्यात शिरे, संध्याकाळी सहाला बाहेर येई. रविवारी सुद्धा.

वर्ष संपत आलं तेव्हा एक दिवस धनावडेकाका चहाचा कप ठेवून तिथेच उभे राहिले.

"काय काका?"

"पोर काल आमच्याकडं जेवली. परवा बी."

"हो, मला यायला उशीर..."

"जेवंना का, आमची काय ना न्हाई. पन मंडळीनं इचारलं, आई कुटं गं? तर म्हनती कशी, आई बाबाकडं जाते रोज." त्यांनी खाकरून घसा साफ केला. "मॅडम, मी अडानी मानूस. पन हे बरं न्हाई."

केतकीनं हिशेबाची वही मिटली. तिच्या वहीत त्या दिवशी एकशे दहा अक्षरं शिल्लक होती.

*

निनाद जुईबद्दल रोज विचारायचा. त्याच्या वाट्याची अर्धी अक्षरं त्यातच जात. उंची किती झाली? चष्म्याचा नंबर? अजून अंगठा चोखते का झोपेत? केतकी लिहायची, आणि मग तिकडची कशी आहे ते विचारायची. उत्तर यायचं: इथेही. उंची वाढली. इथेही. दात पडला. इथेही. मांजर पाळलंय. इथेही.

अक्षरं वाचवतोय, असं तिला वाटायचं. पण काकांच्या त्या बोलण्यानंतर ती घरी गेली, जुईला झोपताना पाहिलं, आणि तिच्या मनात एक बारीकशी शंका आली. दोन जगं वर्षभर वेगळी वाढली. दोन्हीकडे त्याच आठवड्यात तोच दात कसा पडेल?

प्रयोगशाळेत एक रीत होती, निनादनंच घालून दिलेली. महिन्यातून एकदा तिघांपैकी कोणीतरी गुपचूप एक खोटा धक्का नोंदींत घुसवायचा आणि बाकीच्यांना तो सापडतो का ते बघायचं. माणूस जे आहे ते बघतोय की त्याला हवं ते बघतोय, हे कळायला दुसरा मार्ग नाही. केतकीनं दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्या नवऱ्यावर ती रीत वापरली. तिनं लिहिलं: जुई तबला शिकते.

जुई तबला शिकत नव्हती. पठारावर तबला कोणाकडेच नव्हता.

सकाळी सहा अक्षरं आली. इथेही.

केतकीनं पेन खाली ठेवलं. दुपारी दोनला तिनं वीस अक्षरं खर्च केली, काटकसर न करता: खरं सांग, जुई कुठे आहे?

रात्रभर तिला उत्तर माहीत होतं आणि रात्रभर ती ते नाकारत राहिली. सकाळी नऊला शेजारीण बोलू लागली. दीड तास लागला. अक्षरं ओळखू येत होती, तरी ती प्रत्येक अक्षर कागदावर लिहीत गेली, जणू लिहिल्यावर ते दुसरंच काही होणार होतं.

ती तुझ्याबरोबर होती.

मोडकी काडी. चष्मा. निनाद एकटा गेला आणि नुसता चष्मा घेऊन गेला, कारण निनादला तेवढंच सुचलं. ती गेली असती तर जुईला शाळेतून उचलून घेऊन गेली असती. नंबरही तपासून होईल, एक दिवस शाळा बुडली तर काय बिघडतं! त्या सकाळी हे तिच्या मनात आलं होतं. पुरतं आठवत होतं तिला. कौल शून्य आला असता तर हे सगळं झालं असतं, आणि कौल शून्य आला होता, आणि हे सगळं झालं होतं. तिकडच्या घाटात गाडी तिनं चालवली होती. शेजारच्या सीटवर जुई होती.

ती उठली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. बोगद्याचा दगड थंड होता. वर्षभर तो माणूस रिकाम्या घरातून येत होता, या खुर्चीवर बसत होता, आणि इकडच्या जुईची उंची ऐकून परत जात होता. आणि तिनं, जिच्या घरी ती उंची प्रत्यक्ष वाढत होती, ती नीट बघितली सुद्धा नव्हती. तिला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शेजारीण पुन्हा हालली. बारा वाजायच्या आत आणखी दहा अक्षरं आली.

तिला बोलू दे.

त्या दुपारी दोन वाजता केतकीनं एकही धक्का दिला नाही. ती बोगद्यातून बाहेर पडली आणि शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. जुई बाहेर आली, आईला पाहून थबकली आणि म्हणाली, "काय झालं? धनावडे आजोबा मेले का?"

*

तिनं जुईला सगळं सांगितलं, म्हणजे जवळजवळ सगळं. दोन लाटा सांगितल्या, शेजारीण सांगितली, उरलेली अक्षरं सांगितली. तिकडे बाबा आहे आणि आई नाही, हेही सांगितलं. एक गोष्ट तेवढी गिळली. जुई ताटातला भात बोटांनी सारखा करत बसली होती.

"मला वाटलं तू नुसती तिथे रडायला जातेस," शेवटी ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पहिल्यांदा ते यंत्र जवळून पाहिलं. धक्क्याचं बटण साधं होतं, दाराच्या घंटीचं असतं तसं. केतकीनं तिला कोडचा कागद दिला.

"काय विचारायचंय?"

जुईनं क्षणभरही विचार केला नाही. "बाबा, मी तिकडे आहे का?"

केतकीचा हात कागदाकडे गेला. थांबवता आलं असतं. दुसरं काहीतरी विचार, असं म्हणता आलं असतं. आई म्हणून तेवढा हक्क होता. पण सगळी अक्षरं आपल्याकडे ओढून वर्षभर आईपणाचा हक्क तिनं पुरेसा वापरला होता. ती म्हणाली, "विचार." जुई जीभ दातांत धरून बटण दाबत राहिली, एक तास वीस मिनिटं, एकही चूक न करता.

सकाळी तिनं शाळा बुडवली. दोघी शेजारणीसमोर बसल्या. धनावडेकाका चहा घेऊन आले, काही न विचारता जुईला बिस्किटांचा पुडा दिला आणि मागे पंपाशी जाऊन बसले.

नऊ वाजून पाच मिनिटांनी पहिलं अक्षर आलं, नऊ दहाला दुसरं. मग शांतता. केतकीनं वाट पाहिली, की पुढे काही येईल. नाही आलं.

"हो," तिनं वाचून दाखवलं. तिचा आवाज स्थिर राहिला, याचं तिलाच नवल वाटलं. "हो म्हणतोय."

जुईनं चष्मा काढला, फ्रॉकला पुसला आणि परत घातला.

"खोटं बोलतोय."

"असं का म्हणतेस?"

"मी असते तर बाबानं मला हे बटण दाबू दिलं असतं. पहिल्या दिवसापासून. मीच बोलले असते ना तुझ्याशी. वर्षभर मला बाहेर ठेवलं असतं होय त्यानं?"

ती तक्रार करत नव्हती, नुसतं जे आहे ते सांगत होती.

"तुला माहीत होतं," जुई म्हणाली.

"परवा कळलं."

"मी गाडीत होते?"

"हो."

"कोण चालवत होतं?"

मागे पंपाची घरघर चालू होती. केतकीला वाटलं, खोटं बोलायला एकच शब्द लागतो, आणि तो समोरच्या पडद्यावर लिहून तयार आहे.

"मी," ती म्हणाली.

जुई तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत काय होतं ते केतकीला वाचता येईना. ती कोणाची मुलगी आहे आणि कोणाकडे बघते आहे, हेच जणू ती नव्यानं ठरवत होती. मग तिनं खुर्ची थोडी सरकवली आणि आपला खांदा आईच्या दंडाला टेकवला. दुपारपर्यंत दोघी तशाच बसल्या. बिस्किटं तिथेच राहिली.

दोन वाजले. वहीत चोवीस अक्षरं उरली होती.

"त्याला सांगायचं का, की तुला कळलंय?" केतकीनं विचारलं.

"नको." जुईनं कोडचा कागद पुढे ओढला. "बाबा मला पोहायला शिकवणार होता. मे महिन्यात, नदीवर. मला भीती वाटते म्हणाले तर म्हणाला होता, मी खालून हात धरीन." ती बोटांवर अक्षरं मोजू लागली. "सतरा होतात. चालेल ना?"

"काय लिहितेस?"

"तिला पोहायला शिकव."

केतकीनं तोंडावर हात घट्ट दाबला. मुलगी बटण दाबत होती, प्रत्येक अक्षरानंतर कागदावर बारीक टिंब करत होती. पलीकडे एक माणूस ती अक्षरं उतरवून घेत असणार. मुलीनं आपलं खोटं खरं मानलं असं त्याला वाटणार, किंवा मुलीला सगळं कळलं आणि तरीही तिनं हे पाठवलं, असं. दोन्हीपैकी काय झालं तर तो जास्त रडेल, हे केतकीला ठरवता आलं नाही. तिला स्वतःला मात्र आता रडू आवरत नव्हतं. जुईनं मान वर न करता डाव्या हातानं तिचा गुडघा थोपटला आणि उजव्या हातानं पुढचं अक्षर दिलं.

शेवटचं अक्षर गेलं तेव्हा सव्वातीन वाजून गेले होते. शेजारीण इतकी कापत होती, की तिचं बोलणं आणि नुसती थरथर यांत फरक करणं अवघड झालं होतं.

"उद्या सकाळी येईल काहीतरी?"

"येईल कदाचित. नाहीही येणार. माझ्या हिशेबात पाच-दहा अक्षरांची चूक असू शकते."

सकाळी तिघं होते. धनावडेकाकांना कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी ते पंप सोडून दोघींच्या मागे येऊन उभे राहिले, हात जोडावेत की नाही अशा अवस्थेत. नऊ वाजले. शेजारीण थरथरत राहिली. सव्वानऊला त्या थरथरीतून एक अक्षर वर आलं. केतकीनं ते दोनदा तपासलं, तीनदा तपासलं. मग दुसरं. मग बराच वेळ काही नाही, आणि मग फार क्षीण, ओळखू येईल न येईल असं तिसरं.

"जुई," केतकी म्हणाली. "नुसतं नाव."

चौथं अक्षर आलं नाही. पडद्यावरची रेघ एकदा उसळली आणि सपाट झाली. आयन उडून गेला होता, शेजारणीसकट; कोठीत आता कोणीच नव्हतं.

कोणत्या जुईला त्यानं हाक मारली होती? जी समोर बसली होती तिला, की जी नव्हती तिला? मेलेल्या माणसानं हाक मारली तर ओ देऊ नये, असं घाटातली माणसं मानतात. धनावडेकाकांनी तर पटकन पुढे होऊन पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. पण या दोन बोगद्यांत मेलेलं नक्की कोण आणि जिवंत कोण, हे कोण सांगणार होतं?

जुई खुर्चीवरून उतरली. त्या पोलादी कोठीला तिनं दोन्ही हात लावले, कपाळ टेकवलं, आणि शाळेच्या मैदानावरून घरी ऐकू जावी इतक्या मोठ्यानं तिनं बाबाला ओ दिली.